पेला शहराचा, माल सातारा-सांगलीचा

सांगली, मिरज, कोल्हापूरच्या कोल्ड्रिंक हाऊसमध्ये ‘एक कॉकटेल द्या’ म्हटलं की समोर उंच ग्लास येतो. तळाशी जेली, त्यावर फळांच्या फोडी, घट्ट दूध, आइस्क्रीमचा गोळा, वर काजू-बेदाणा आणि टूटीफ्रूटी. आधी चमच्यानं खायचं, मग उरलेलं ओढून प्यायचं. परीक्षा संपली, निकाल लागला की पोरांची पहिली मागणी हीच. या भागातल्या आज्ज्यांनाही कॉकटेल ठाऊक आहे, ते असं.

दुसरं कॉकटेल दारूचं. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबई, पुणे, गोव्यात त्यानं पार रूप पालटलंय. गोव्याच्या कोलव्यातला ‘टेसोरो’ हा बार २०२२ मध्ये आशियातल्या पन्नास उत्तम बारच्या यादीत चौथा आला, आणि त्यानंतर आपल्याकडच्या बारटेंडरची भीड पुरती चेपली. आता तो जिनमध्ये हळद घालतो, व्हिस्कीत तूप मुरवतो, दूध फाडून त्यातून दारू गाळतो. शहरातली ही नवी मेन्यूकार्डं वाचली की सातारा-सांगली बाजार समितीचे भाव वाचतोय असं वाटतं: आलं, हळद, बेदाणा, डाळिंब, स्ट्रॉबेरी, ऊस, मध.

माल आपला आणि मिरवतं शहर, हे मला खटकतं. म्हणून ही फेरी दोन्ही जिल्ह्यांतून. तसे हे जिल्हे सख्खेच. १९४९ मध्ये साताऱ्याचे तालुके आणि आसपासची संस्थानं मिळून ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

वेटरला न सांगता येणारं कॉकटेल

आपल्या परमिट रूममध्ये कॉकटेल मिळत नाही, हा गैरसमज आहे. रममध्ये थम्सअप आणि वर पिळलेलं लिंबू, याला जग ‘क्युबा लिब्रे’ म्हणतं. क्युबात हे पेय विसाव्या शतकाच्या तोंडावर रुजलं. आपल्याकडून कोका-कोला १९७७ मध्ये निघून गेली, त्याच वर्षी थम्सअप आलं आणि रमला हक्काचा जोडीदार मिळाला. व्हिस्की-सोडा म्हणजे ‘हायबॉल’. जपानी लोक त्यातल्या सोड्याच्या थंडपणावरही काथ्याकूट करतात. बिअरमध्ये लेमन ओतलं की ‘शँडी’. कराड, इस्लामपूर, विट्याचा कुठलाही मुरलेला वेटर या तिन्ही गोष्टी रोज टेबलावर ठेवतो. मेन्यूत त्यांना नाव नाही, एवढंच.

१३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रानं वाचकाच्या पत्राला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय ते छापलं: कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या-सालींचा अर्क. आपल्या परमिट रूममध्ये चारपैकी तीन वस्तू कायम हजर असतात. चौथीची गोष्ट पुढं येतेच.

पाच रुपयांचा परवाना

परराज्यातला पाहुणा ‘परमिट रूम’ ही पाटी बघून बुचकळ्यात पडतो. जुन्या मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि १९४९ चा दारूबंदी कायदाच आजही आपल्याकडचा पाया आहे. त्यामुळं पिणाऱ्याच्या खिशात परवाना हवा, असं कायदा सांगतो. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. वर्षाचा १०० रुपये आणि आजन्म हवा असेल तर १,००० रुपये.

वयाचा नियम त्याहून मजेशीर. बिअर आणि वाइनला २१, कडक दारूला २५. म्हणजे तेवीस वर्षांच्या मुलानं नुसत्या वाइनची सँग्रिया मागवली तर चालते. त्याच सँग्रियात बारटेंडरनं ब्रँडीचं एक झाकण ओतलं की ती त्याच्यासाठी बेकायदा.

कोरेगावचं आलं, हॉलिवूडचा मग

१९४१ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एकाकडं न खपणारी व्होडका पडून होती आणि दुसऱ्याकडं न खपणारी जिंजर बिअर. दोघांनी माल एकत्र केला, लिंबू पिळलं, तांब्याच्या मगात ओतलं आणि ‘मॉस्को म्यूल’ जन्माला आलं. आजही शहरातल्या बहुतेक बारमध्ये ते मिळतं. त्यातला सगळा दम आल्याचा.

आणि आलं म्हटलं की सातारा. कोरेगाव, सातारा, कराड तालुक्यांत गादीवाफ्यावर लावलेलं आलं वाशीच्या मार्केटपर्यंत जातं. शहरातला बारटेंडर मात्र बहुतेक वेळा बाटलीतली जिंजर बिअर ओततो. ती गोड असते, नाकात जात नाही. ताज्या आल्याची गंमत करून बघण्यासारखी आहे. पेरभर आलं साल खरवडून खलबत्त्यात घ्या, चिमूटभर मीठ आणि चमचाभर गूळ टाकून चेचा, फडक्यातून पिळून रस काढा. गढूळसर रस निघतो. तो दहा मिनिटं वाटीत तसाच ठेवला की तळाशी पिठूळ साका बसतो. तो साका टाकायचा आणि वरचं पाणी घ्यायचं, म्हणजे तिखटपणा स्वच्छ लागतो. त्यावर लिंबू, त्यावर गोटी सोडा. दारू घाला किंवा नका घालू, घशातून उतरताना आलं आपली ओळख सांगतंच.

गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. सोड्यातल्या गॅसच्याच दाबानं गोटी वर चढून तोंड बंद करते. त्याच्या मायदेशात ती केव्हाच संग्रहालयात गेली. आपल्या जत्रांत मात्र अजून फट्कन फुटते. शहरातले बार आता ती शोधत हिंडतात.

लिंगमळ्यात फसलेलं टॉनिक

ही माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. जिन-टॉनिकमधलं टॉनिक कडू असतं ते क्विनाइनमुळं. क्विनाइन मिळतं सिंकोना झाडाच्या सालीतून. हिवतापावरचं ते औषध, आणि इंग्रजांना हिंदुस्थानात त्याची सतत गरज. म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी सिंकोनाची लागवड जिथं जमेल तिथं करून पाहिली. निलगिरीत जमली, दार्जिलिंगकडं जमली. मुंबई इलाख्यानं निवडलं महाबळेश्वर, आणि महाबळेश्वरात लिंगमळा. आज जिथं पर्यटक धबधबा बघायला उतरतात, त्या परिसरात सिंकोनाचा मळा होता, त्याच्यासाठी अधिकारी होता. पण इथला पाऊस आणि इथली माती झाडांना मानवली नाही. मळा बंद पडला.

तिकडं लंडनमध्ये इरॅस्मस बाँडनं १८५८ मध्ये क्विनाइन घातलेल्या सोड्याचं पेटंट घेतलं होतं. लिंगमळ्याची झाडं जगली असती तर आज महाबळेश्वरी टॉनिकच्या बाटल्या विकत मिळाल्या असत्या. वर म्हटलेली चौथी वस्तू म्हणजे कडू सालींचा अर्क, तोही इथंच झाला असता. आता देशी बिटर्स तयार करणारी हौशी मंडळी आहेत. लिंगमळ्याचं नाव त्यांच्यापैकी कुणीतरी एखाद्या बाटलीवर लावावं, एवढी माझी इच्छा आहे.

स्ट्रॉबेरीचा लाल रंग

देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी जवळपास ८५ टक्के महाबळेश्वर-पाचगणी भागातून येते, असा आकडा कायम दिला जातो. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण देशभरातल्या बारमध्ये पाचगणी पोचली ती ताज्या फळातून कमी आणि बाटलीतून जास्त. किशोर व्होरांनी १९५९ मध्ये पाचगणीत स्ट्रॉबेरीचा जॅम करायला घेतला, त्यातून ‘मॅप्रो’ उभी राहिली. तिचे क्रश आणि सरबतं आज कुठल्याही गावातल्या ज्यूस सेंटरच्या फळीवर दिसतात.

लग्नाच्या हॉलमध्ये बघा. दारातच काउंटर, पांढरा कोट घातलेला पोरगा, समोर रंगीत बाटल्यांची रांग. पुदिना, लिंबाच्या फोडी, सोडा, वर हिरवा, निळा नाहीतर लाल क्रश. हा आपला ‘मोजितो’. क्युबातला मूळ मोजितो पांढऱ्या रमचा. आपल्याकडं रम गळाली आणि तो वऱ्हाडात मानाचं पेय झाला. मला तो आवडतो. साठीतली मामी आणि सहावीतला भाचा एकाच रांगेत उभे राहून ‘ब्लू लगून’ मागतात. चारचौघांत कॉकटेलचा ग्लास हातात घ्यायला आपल्या गावांना याच काउंटरनं शिकवलं. शहरातले बार आज ‘झीरो प्रूफ’ म्हणून बिनदारूच्या पेयांचं वेगळं पान छापतात, त्या पानावर आपली लग्नं कधीच पोचलीयत.

बेदाणा: दोन आठवड्यांची जादू

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावकडून कवठेमहांकाळ, जतच्या बाजूला जा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब शेड दिसतात, बाजूला हिरवी जाळी, आत तारेच्या जाळ्यांचे एकावर एक थर. बागेतून आलेले घड क्रेटमध्ये घालून टाकीत बुडवतात. टाकीत डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा जो थर असतो तो या पाण्यानं विरतो, आतलं पाणी बाहेर पडायला वाट होते. मग घड जाळ्यांवर पसरायचे. ऊन थेट लागू द्यायचं नाही, म्हणून रंग हिरवट-पिवळा राहतो. दोन आठवडे वारं लागलं की चार किलो द्राक्षांचा एक किलोच्या आसपास बेदाणा. मधेच अवकाळी पाऊस आला तर मणी काळे पडतात आणि शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं. सौद्याच्या दिवशी व्यापारी मूठभर बेदाणे तळहातावर घेतात, दोन बोटांनी दाबतात, एक तोंडात टाकतात आणि भाव बोलतात.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या द्राक्षानं इथल्या बागांना नाव दिलं त्या ‘तास-ए-गणेश’ची कथाही तासगाव तालुक्यातलीच. बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी आपल्या थॉमसन जातीच्या बागेत वेगळ्या मण्यांची वेल हेरली, जोपासली आणि ती जात झाली. कृषी विद्यापीठांत शिकवली जाणारी द्राक्षाची जात एका बागायतदाराच्या नजरेतून आली, याचा या भागाला सार्थ अभिमान आहे.

आता पेल्याकडं. गडद रममध्ये बेदाणा मुरवणं ही जुनी युक्ती, नाताळचा केक करणारी घरं ती पिढ्यान् पिढ्या करतात. नवे बारटेंडर तीच रम गाळून ‘ओल्ड फॅशन्ड’ या कॉकटेलमध्ये वापरतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. बेदाण्यावर डिपिंग ऑइलचा अंश असतो. कोमट पाण्यात दोनदा धुऊन, फडक्यावर कोरडा करून मगच बाटलीत टाकायचा, नाहीतर रमवर तेलाचा तवंग येतो. चार-पाच दिवसांत रम गोलसर लागते. फुगलेले बेदाणे फेकायचे नाहीत. मोठ्यांसाठी आइस्क्रीमवर घाला.

द्राक्ष आहे, मग वाइन का नाही?

हा प्रश्न सांगलीत हमखास निघतो. राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि दोन वाइन पार्क ठरले: नाशिककडं विंचूर, सांगलीत पलूस. पलूसचा ‘कृष्णा व्हॅली वाइन पार्क’. नाशिकचं बस्तान बसलं, पलूसचं तसं बसलं नाही.

याचं एक कारण वेलीवरच आहे. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं हवं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं, कारण वाइनचा रंग आणि तुरटपणा साल-बियांतून येतो. सांगलीच्या बागायतदाराकडं खायच्या द्राक्षाला गिऱ्हाईक आहे, ते पडलं तर बेदाण्याचं शेड आहे. तो कॅबरनेसारख्या वाइनच्या वेली कशाला लावेल? त्याचा हिशेब चोख आहे. शेजारच्या माळशिरस तालुक्यात मात्र ‘फ्रातेल्ली’नं इटालियन भागीदारांबरोबर खास वाइनच्या वेली लावल्या आणि तिची वाइन आज देशभर जाते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मुभा देण्याचं ठरवलं आणि एकच गदारोळ उठला. निर्णय अमलात आलाच नाही.

सांगलीच्या द्राक्षाचा पेल्यात सरळ उपयोग एकच, आणि तो झकास. सोनाका किंवा थॉमसनचे मणी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा आणि पांढऱ्या वाइनमध्ये बर्फाऐवजी टाका. वाइन गार होते, पातळ होत नाही.

आटपाडीचं डाळिंब

‘टकिला सनराइज’च्या तळाशी जो लाल रंग बसतो तो ग्रेनेडिनचा. मूळ ग्रेनेडिन म्हणजे डाळिंबाचा रस आणि साखर. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत डाळिंबाचा थेंबही नसतो, नुसता रंग आणि स्वाद. आटपाडी आणि जतच्या भगव्या डाळिंबाचा रस निम्म्यावर आटवून त्यात साखर घातली की अस्सल ग्रेनेडिन घरच्या घरी. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लाल रंगाची बाटली विकत आणणारा सांगलीतला बार मला समजत नाही.

हळद पाण्यात रुसते, दारूत खुलते

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात झटकन विरघळतं. म्हणून हळदीचं दूध ढवळत बसावं लागतं आणि हळद घातलेली व्होडका थोड्याच वेळात झेंडूसारखी पिवळी होते. ‘हापुसा’ या गोव्यातल्या जिनमध्ये हिमालयातल्या ज्युनिपरच्या जोडीला हळद आणि कैरी असते.

सांगली ही हळदीची पेठ, तिला २०१८ मध्ये मानांकन मिळालं. जवळच हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. इथली माती अशी की आत ओल शिरत नसे, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं बुडाली. अमेरिकेनं १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट एका विद्यापीठाला दिलं होतं आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं लढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, हे तर पाठ्यपुस्तकात गेलं. न्यूयॉर्कच्या बारमध्ये आज ‘टर्मरिक’ लिहिलेला ग्लास ऐटीत येतो. सांगलीतल्या बारमध्ये हळद फक्त तंदुरीला लागते.

फाटलेल्या दुधाचा मान

नव्या बारची सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे ‘क्लॅरिफाइड मिल्क पंच’. दारू, चहा, लिंबाचा रस, मसाले एकत्र करून ते दुधावर ओतायचं. लिंबानं दूध फाटतं. चोथा फडक्यात धरतो आणि तोच गाळणी बनतो. रंग आणि तुरटपणा दुधातलं केसीन आपल्याकडं ओढून घेतं. खाली थेंब-थेंब उतरतं ते पाण्यासारखं नितळ, जिभेवर मात्र रेशमी. चहाचा रंग गेलेला, चव राहिलेली. ही कृती नवी नाही, मेरी रॉकेट या इंग्रज बाईची १७११ सालची लिखित पाककृती आजही वापरतात.

पनीर आणि चक्का घरोघर करणाऱ्या आपल्या बायकांना यातलं निम्मं तंत्र येतंच. आणि दूध म्हटलं तर भिलवडी आहे. भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ मध्ये कृष्णाकाठच्या या गावात डेअरी सुरू केली.

मळीची व्हिस्की, रसाची रम

आपल्या साखर कारखान्यांचं धुराडं पेटलं की मागच्या बाजूला मळी साठते. मळी आंबवून मद्यार्क काढतात. रम बहुतेक मळीचीच असते, त्यात काही वावगं नाही. गंमत व्हिस्कीची आहे. देशात खपणाऱ्या स्वस्त व्हिस्कीत मुख्यतः मळीचाच मद्यार्क असतो. युरोपीय संघाच्या नियमात व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून अशी बाटली तिथं व्हिस्की म्हणून विकता येत नाही. सातारा-सांगलीत रोज संध्याकाळी व्हिस्की पिणारे बरेच काका खरं तर उसाचेच भक्त आहेत.

ब्राझीलमध्ये ताज्या रसाची ‘कशासा’ करतात, तिच्यात लिंबू आणि साखर चेचून ‘काइपिरिन्या’. आपल्याकडं रस, आलं, लिंबू एकत्र करण्याचं काम रसवंती करते. पश्चिम महाराष्ट्रात रसवंतीची नावं ‘कानिफनाथ’ आणि ‘नवनाथ’ का, तर यातल्या अनेकांची मुळं पुरंदर तालुक्यातल्या बोपगावात आहेत, जिथं कानिफनाथांचं देवस्थान आहे. घुंगराच्या ठेक्यावर निघालेला रस, पांढरी रम, भरपूर लिंबू: उन्हाळ्यातल्या कॉकटेलला याहून जास्त काय लागतं? फक्त रस काढल्याबरोबर वापरायचा, तासाभरात तो काळवंडतो.

बांधावरची घायपात

माण, खटाव, आटपाडी, जत. पाऊस कमी, बांधावर घायपात. हिचे दोर वळायचे, कुंपण करायचं, बाकी कुणी लक्ष द्यायचं नाही. टकिला ज्या अगेव्हपासून होते, त्याच कुळातली ही वनस्पती. टकिला हे नाव मेक्सिकोबाहेर वापरता येत नाही, पण दख्खनच्या पठारावरच्या घायपातीची दारू ‘पिस्तोला’ या नावानं २०२१ पासून गोव्यातून बाजारात आली. दुष्काळी पट्ट्याला पाणी न मागणारं हे पीक गाळपाला द्यायचं की नाही, याचा विचार माणदेशानं गंभीरपणे करावा. झाड तयार व्हायला अनेक वर्षं लागतात, म्हणून घाई उपयोगाची नाही.

फलटणचा स्टोव्ह

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गोड ज्वारीची ‘मधुरा’ ही जात काढली. धाटाचा रस आंबवला आणि १९८० च्या दशकात सूर्याच्या उष्णतेवर त्यातून मद्यार्क गाळून दाखवला. पिण्यासाठी मुळीच नाही, कंदील आणि स्टोव्हसाठी. पुढं त्यांनी निम्मं पाणी मिसळलेल्या मद्यार्कावर चालणारा स्टोव्हही तयार केला. हातभट्टीच्या तोडीचा माल चुलीत जाळून भाकरी भाजायची, ही कल्पना मला कुठल्याही कॉकटेलपेक्षा भारी वाटते.

आंबवता येणारी आणखी एक चीज म्हणजे मध. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. मध आंबवून केलेली ‘मीड’ पुण्याची ‘मूनशाइन’ २०१८ पासून विकते. मांघर ते पुणे, एक घाट उतरायचा आणि दोन चढायचे.

उभी बाटली, आडवी बाटली

या दोन जिल्ह्यांत दारूवर लिहायचं आणि ही गोष्ट टाळायची, हे शक्यच नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव दारूबंदी राबवली. पुढं राज्यात गावातलं दारूचं दुकान हटवायचं की ठेवायचं यावर बायकांचं मतदान सुरू झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद करा. जावळी तालुक्यातल्या बायकांनी बाटली अशी आडवी केली की अख्ख्या तालुक्याचं नाव राज्यभर झालं. मी त्यांच्या बाजूनं आहे. त्यांचं भांडण होतं पगाराच्या दिवशी घर बुडवणाऱ्या क्वार्टरशी.

त्यानंतरचा धक्का हायवेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६ च्या निकालानं १ एप्रिल २०१७ पासून महामार्गाच्या ५०० मीटरच्या आतली दारूविक्री थांबली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं गेलं. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंतच्या ढाब्यांनी रातोरात बोर्ड उतरवले. त्याच वर्षी न्यायालयानं पालिका हद्दीपुरता खुलासा केला आणि शहरांतले बार वाचले.

ताजा धक्का कराचा. जून २०२५ मध्ये राज्यानं उत्पादन शुल्क वाढवलं. विदेशी मद्याच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपये झाली आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा धान्याच्या दारूचा नवा वर्ग आला, त्याची किमान किंमत १४८ रुपये. १४ जुलैला बारमालकांनी राज्यभर एक दिवस कुलूप लावलं. आता माझं म्हणणं ऐका. बाटली महागली की नुसता पेग ओतून विकणाऱ्याचं गणित बिघडतं. आलं चेचणाऱ्याचं, बेदाणा मुरवणाऱ्याचं कमी बिघडतं, कारण त्याच्या पेल्यात दारू कमी आणि हातकाम जास्त. पिणाराही सावकाश पितो. साताऱ्या-सांगलीच्या बारमालकांना कॉकटेलकडं वळायला यापेक्षा चांगलं कारण नाही.

बर्फ आणि चकणा

शहरात सध्या मोठ्या, काचेसारख्या बर्फाची चलती आहे. तो करायला यंत्र लागत नाही. झाकण काढलेला जाड थर्माकोलचा डबा पाण्यानं भरून फ्रीजरमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून शिरते, हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात, वरचा बर्फ नितळ होतो. तळ गोठायच्या आत काढायचा. कारखान्यातली लादी मात्र पेल्यात नको. खाण्याच्या लायक नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून राज्यात २०१८ पासून त्याला निळा रंग घालायचा नियम झाला. निळी लादी दिसली की समजायचं.

चकण्यात सांगलीला तोड नाही. लसणाच्या फोडणीचं भडंग, तळलेले शेंगदाणे, वर कांदा-कोथिंबीर. शहरातल्या बारमध्ये सध्या मिरची-कोथिंबिरीचं ‘पिकान्ते’ हे कॉकटेल खूप मागवलं जातं, त्याच्याबरोबर भडंग देऊन बघा, दुसरं काही आठवणार नाही.

मार्च महिना यासाठी सगळ्यात चांगला. महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी भरात, तासगावात नवा बेदाणा, सांगलीत नव्या हळदीचे सौदे, रसवंत्या नुकत्या सुरू झालेल्या. साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या बारनं त्या महिन्यात एकच पान छापावं: कोरेगावचं आलं-सोडा, पाचगणीची स्ट्रॉबेरी-पांढरी रम, तासगावचा बेदाणा-गडद रम, आटपाडीचं डाळिंब-जिन. प्रत्येकाचा बिनदारूचा जोडीदार शेजारीच, त्याच ग्लासात, त्याच मानानं. खाली गावांची नावं ठळक अक्षरांत, आणि भडंग फुकट.